ब्रॉयलरच्या खाद्यात कसावा: आधी सुकवणी, मग हिशेब

मक्याचे दर चढले की ब्रॉयलर उत्पादकांचे लक्ष कसाव्याकडे, म्हणजेच साबूकंदाकडे वळते. कोरड्या हंगामात कडक ऊन मिळत असल्याने कंद सुकवून साठा करण्यास हाच काळ योग्य आहे. मात्र जेवढा मका काढला तेवढाच कसावा घातला, इतके हे काम सरळ नाही.

कंदात लिनामॅरिन हे सायनाइड निर्माण करणारे संयुग असते. कंद कापला किंवा किसला की त्यातीलच विकर (एन्झाइम) या संयुगाचे विघटन करते आणि मुक्त झालेले हायड्रोजन सायनाइड हळूहळू हवेत उडून जाते. ही क्रिया ओलावा असेपर्यंतच चालते. म्हणूनच गरम हवेच्या यंत्रात झटपट वाळवलेल्या चकत्यांपेक्षा उन्हात सावकाश वाळलेल्या चकत्यांत सायनाइड कमी उरते, आणि यंत्र नसलेल्या लहान उत्पादकाची बाजू येथे उलट भक्कम ठरते. सालीत हे प्रमाण गरापेक्षा अधिक असल्याने कंद धुऊन सोलावेत व शक्यतो गोड, म्हणजे कमी सायनाइडच्या वाणाचेच घ्यावेत. काढलेला कंद दोन-तीन दिवसांत आतून काळपट पडू लागतो. त्यामुळे एका दिवसात जेवढा कापून पसरता येईल तेवढाच काढावा. चकत्या ताडपत्रीवर किंवा सिमेंटच्या खळ्यावर पातळ थरात पसराव्यात व वरचेवर हलवाव्यात, कारण उघड्या जमिनीवर वाळवल्यास वाळू खाद्यात जाते. ओलावा 12 टक्क्यांच्या खाली आला की चकती वाकत नाही, कट्कन तुटते. बुरशी दिसलेला माल कोंबड्यांना मुळीच देऊ नये.

आता हिशेब. मक्यात सुमारे 8.5 टक्के प्रथिने असतात, तर कसाव्याच्या पिठात जेमतेम 2 ते 3 टक्के. एक टन खाद्यात 150 किलो कसावा घातल्यास सुमारे 9 किलो प्रथिनांची तूट येते आणि ती 45 टक्के प्रथिनांच्या सोयाबीन पेंडीने भरायची तर अंदाजे 25 किलो पेंड जास्त लागते. ही पेंडही मक्याचीच जागा घेते, म्हणजे 175 किलो मक्याच्या किमतीची तुलना 150 किलो कसावा आणि 25 किलो पेंड यांच्या एकत्रित किमतीशी करावी. नुसते मका व कसाव्याचे दर शेजारी मांडणे फसवे असते. त्यात मेथिओनिन या अमिनो आम्लाचा खर्चही धरावा, कारण कसाव्यात ते अत्यल्प असते आणि उरलेले सायनाइड निष्प्रभ करण्यासाठी पक्ष्याच्या शरीराला लागणारे गंधकही मेथिओनिनमधून मिळते. ऊर्जा मक्यापेक्षा थोडी कमी असल्याने किंचित वनस्पती तेल मिसळावे. तेलामुळे पिठाचा धुरळाही बसतो, जो एरवी पक्ष्यांच्या चोचीत चिकटतो आणि खाद्य खाणे घटवतो. गोळी खाद्य बनवण्याची सोय असल्यास ही अडचण बरीच कमी होते.

लहान पिल्लांच्या स्टार्टर खाद्यात कसावा टाळावा किंवा 5 टक्क्यांपर्यंतच ठेवावा. फिनिशरमध्ये, म्हणजे विक्रीपूर्वीच्या शेवटच्या टप्प्यातील खाद्यात, तो टप्प्याटप्प्याने 15 ते 20 टक्क्यांपर्यंत नेता येतो. याहून अधिक प्रमाण पशुआहार तज्ज्ञाने सूत्र तपासून दिल्याशिवाय वापरू नये. बदल करताना एका लहान गटापासून सुरुवात करावी, रोजचे खाद्य व साप्ताहिक वजन यांची नोंद ठेवावी, आणि खाणे घटल्यास प्रमाण लगेच कमी करावे. कसाव्याच्या पिठात पिवळी रंगद्रव्ये जवळपास नसतात, त्यामुळे पक्ष्यांची कातडी व पाय फिकट दिसतात. मांसाच्या पोषणमूल्यात त्याने काही उणे होत नसले तरी पिवळसर कातडी मागणाऱ्या खरेदीदाराला हे आधीच सांगावे.