हंगामी नोकरी कायम होताना पगाराचा हिशेब कसा मांडावा

कायम झाल्यावर पहिल्याच महिन्यात हातात आधीपेक्षा कमी रक्कम आली, असं पुष्कळदा घडतं. म्हणून महिन्याच्या आकड्यावर होकार किंवा नकार देऊ नका. कागद घ्या आणि वर्षाचा हिशेब मांडा.

समजा, हंगामी कामाचा रोजचा दर १,००० आहे. महिन्यात २२ दिवस भरले की २२,००० मिळतात. कायम करताना महिना २०,००० देऊ केले आणि त्यातले १० टक्के निवृत्ती निधीत कापले जाणार असतील, तर हातात उरतात १८,०००. म्हणजे चार हजारांची घट.

आता वर्ष धरा. आठवड्याला पाच दिवसांप्रमाणे कामाचे २६० दिवस होतात. त्यातून बिनपगारी सार्वजनिक सुट्ट्या १०, आजारपण आणि घरच्या अडचणी १२, दोन कंत्राटांमधला खाडा १५ दिवस वजा करा. उरले २२३ दिवस, म्हणजे २,२३,०००. कायम नोकरीत वर्षाचे २,४०,०००, शिवाय मालकही निधीत तेवढीच भर घालत असेल तर आणखी २४,०००, एकूण २,६४,०००. सुट्ट्यांचे १० दिवस आणि भरपगारी रजेचे २० सोडले तर प्रत्यक्ष काम २३० दिवस. दिवसाला साधारण १,१४८ पडले. कर इथे धरलेला नाही. आकडे नमुन्याचे आहेत, त्या जागी तुमचे घाला. खाड्याचे दिवस मात्र अंदाजाने लिहू नका, मागच्या वर्षाच्या पगाराच्या स्लिपांवरून मोजा. माणसं हेच दिवस विसरतात, म्हणून हंगामी काम आहे त्यापेक्षा फायद्याचं वाटतं.

दुसरी तपासणी तासांची. हंगामी असताना जादा तासांचे पैसे मिळत होते. कायम झाल्यावर ते बंद होणार का, हे स्पष्ट विचारा. वरच्या हिशेबात आठ तासांच्या दिवशी तासाला १४३ च्या वर पडतात. रोज एक तास फुकट थांबावं लागलं, तर तोच दर १२७ वर येतो. हंगामी दर १२५ होता. एवढ्या एका तासात जवळजवळ सगळा फायदा संपतो.

सुरुवातीच्या मूळ पगारावर सगळ्यात जास्त घासाघीस करा, कारण पुढची प्रत्येक वेतनवाढ त्याच्याच टक्क्यांत मिळते आणि निधीचा वाटाही बहुधा त्यावरच ठरतो. महिन्याच्या २०,००० वर दर वर्षी ५ टक्के वाढ मिळाली, तर दुसऱ्या वाढीनंतर २२,०५० होतात. रुजू होण्याची तारीखही बघा. वेतनवाढीसाठी ठरलेल्या तारखेनंतर काही दिवसांनी नाव लागलं, तर पहिली वाढ वर्षभर लांबू शकते. अशा वेळी आदेश आधीच्या तारखेचा मागावा.

आधीची वर्षं धरणार का? हा प्रश्न तोंडी सोडू नका. वेतनश्रेणीतली जागा, रजा, सेवाज्येष्ठता आणि नोकरी सोडताना मिळणारी रक्कम यांसाठी जुनी सेवा मोजली जाईल की नाही, हे नेमणूकपत्रात लिहून घ्या. साहेब बदलले की तोंडी शब्द कोणी मानत नाही. प्रोबेशन असेल तर विमा आणि भरपगारी रजा पहिल्या दिवसापासून की नंतर, हेही त्यातच यावं.

एजन्सीमार्फत काम करत असाल, तर कंपनी तुमच्या दरावर एजन्सीचं कमिशन वेगळं भरते. तुम्ही थेट कंपनीत गेलात की ते वाचतं. पगार वाढवून मागायला हा भक्कम आधार आहे. मात्र माणूस कायम घेताना एजन्सीला एकरकमी शुल्क द्यावं लागत असेल, तर ते तुमच्या पगारातून वळतं होणार नाही, याची खात्री करा.

सही करण्याआधी हंगामी काळाचं जे येणं आहे त्याची यादी द्या: जादा तास, शिल्लक रजेचे पैसे, राहिलेला प्रवासखर्च. ‘पूर्ण आणि अंतिम हिशेब मिळाला’ अशा कागदावर रक्कम खात्यात जमा झाल्यावरच सही करा.