‘ओके’चा उगम आणि अर्थ : या चुका टाळा

‘ओके’ कुठून आला, असं विचारलं की हमखास एक गोष्ट ऐकायला मिळते. अमेरिकी यादवी युद्धात एकही सैनिक मारला गेला नाही, की ‘झिरो किल्ड’ (0 K) असं लिहीत आणि त्याचंच पुढे ओके झालं. ही गोष्ट सांगू नका. ते युद्ध १८६१ साली सुरू झालं आणि हा शब्द त्याच्या २२ वर्षं आधीच छापून आला होता.

२३ मार्च १८३९च्या ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये ‘ओ. के.’ आहे आणि लगेच पुढे ‘ऑल करेक्ट’ असा खुलासाही आहे. स्पेलिंग मुद्दाम चुकवायचं (all correct ऐवजी oll korrect) आणि त्याची आद्याक्षरं वापरायची, अशी लाटच तेव्हा तिथल्या वृत्तपत्रांत आली होती. ‘ऑल राइट’चं (oll wright) ‘ओ. डब्ल्यू.’ त्यातलंच. ते विरून गेलं, ओके मात्र टिकलं, कारण पुढच्याच वर्षी निवडणूक आली. राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन किंडरहूक गावचे. त्यांच्या ‘ओल्ड किंडरहूक’ या टोपणनावावरून समर्थकांनी ‘ओ. के. क्लब’ काढला. ब्युरेन हरले, पण शब्द देशभर पोचला. म्हणून उगमच किंडरहूकचा मानणं ही दुसरी चूक. तिथे शब्दाला फक्त बळ मिळालं. भाषाभ्यासक ॲलन वॉकर रीड यांनी १९६०च्या दशकात जुनी वृत्तपत्रं धुंडाळून हा माग लावला. किती चिकाटीचं काम! अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांची चोक्टॉ भाषा किंवा ग्रीक ‘ओला काला’ यांच्याशी नातं जोडणारे नुसत्या उच्चारसाम्यावर विसंबतात. आधी तारखेचा छापील पुरावा मागा.

अर्थातल्या चुका जास्त नडतात. ‘ऑल करेक्ट’ म्हणजे चूक नाही, एवढंच. त्यात कौतुक नाही. कुणाच्या मेहनतीच्या कामाला इंग्रजीत ‘इट्स ओके’ म्हणालात, तर समोरच्याला ‘ठीकठाक, चालेल’ असं ऐकू जातं. आवडलं असेल तर ‘गुड’ किंवा ‘ग्रेट’ म्हणा. आणखी काही हवंय का, याला ‘आय ॲम ओके’ हे उत्तर म्हणजे ‘नको’. ते होकार समजून वाढायला जाऊ नका.

इंग्रजीत लिहिताना दोन अक्षरी ‘OK’ आणि चार अक्षरी ‘okay’ दोन्ही बरोबर आहेत; एका मजकुरात एकच रूप ठेवा.