जुन्या जिप्सीला ऑल-टेरेन टायर: माझा अनुभव

आमच्या मारुती जिप्सी किंगच्या टायरांची नक्षी अजून धड होती, पण बाजूचं रबर भेगाळलेलं. साइडवॉलवरचा चार आकडी कोड वाचला (२३१४ म्हणजे टायर बनला २०१४ सालच्या २३व्या आठवड्यात) आणि विषय संपला. बदलायचेच.

मड-टेरेन, म्हणजे खास चिखलासाठीचे मोठ्या ठोकळ्यांच्या नक्षीचे टायर, आधीच बाद केले. गाडीचा आठवडा जातो अंधेरी-बोरिवलीत, पश्चिम द्रुतगती महामार्गावर. ओल्या काँक्रीटवर ते मोठाले ठोकळे पकड कमी देतात, वर घोंगावतात ते वेगळंच. चिखल भेटतो तो पावसाळ्यात, माळशेजकडे गेलो तर. तेवढ्याला ऑल-टेरेन, म्हणजे डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांना चालणारा टायर, पुरतो.

खरा घोळ मापाचा. मूळ माप २०५/७० आर १५ (रुंदी २०५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के, रिम १५ इंची), व्यास ६६८ मिमी. दुकानदार २३५/७५ गळ्यात मारत होता, म्हणजे जवळजवळ ७३४ मिमी! दिसायला रुबाबदार, पण सस्पेन्शन न उचलता स्टिअरिंग पूर्ण वळवलं की घासणार, आणि १.३ लिटरचं इंजिन घाटात धापा टाकणार. मी २१५/७५ घेतले, साधारण ७०४ मिमी. आता स्पीडोमीटरवर ६० दिसतात तेव्हा गाडी ६३च्या आसपास असते, एवढं ध्यानात ठेवायचं. स्टेपनीही त्याच मापाची घेतली; फोर-व्हील लावल्यावर वेगळ्या व्यासाचं एक चाक ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर) ताण आणतं.