कूलर बंद ठेवून शिकलेलं ऑप्टिक्स

मास्टर्ससाठी ऑप्टिक्स घेणार म्हटल्यावर महालातल्या आमच्या काकाजींनी विचारलं, "म्हणजे सीताबर्डीवर चष्म्याचं दुकान टाकतेस का?" हा गोंधळ घरोघरी होतो. चष्म्याचा नंबर काढणं ही ऑप्टोमेट्री, तिचा अभ्यासक्रमच वेगळा. ऑप्टिक्स म्हणजे भौतिकशास्त्र: लेसर, फायबर, होलोग्राफी, लेन्स डिझाइन. घरच्यांना हे अर्ज भरायच्या आधीच समजावून सांगा.

मी नागपूर विद्यापीठातून एम.एस्सी. फिजिक्स केलं आणि प्रोजेक्ट ऑप्टिक्समध्ये घेतला. फिजिक्सच्या बहुतेक मुलांना हाच रस्ता सोयीचा पडतो. नंतर गेट ही प्रवेश परीक्षा देऊन एम.टेक. करता येतं, दिल्ली आयआयटीत अप्लाइड ऑप्टिक्स आहे, कोचीच्या कुसाट विद्यापीठात ऑप्टोइलेक्ट्रॉनिक्स आणि लेसर टेक्नॉलॉजी. आयआयटीतच एम.एस्सी. हवी असेल तर बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी जॅम ही प्रवेश परीक्षा द्या. परदेशात, अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाची ऑप्टिक्स संस्था १९२९ पासून हेच शिकवते, ॲरिझोना विद्यापीठात ऑप्टिकल सायन्सचं स्वतंत्र कॉलेज आहे, आणि जर्मनीतलं येना तर सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या झाइस आणि आबे यांचंच गाव.

प्रवेश मिळाल्यावर सगळ्यात जास्त अडतं ते गणित. फूरिए ट्रान्सफॉर्म, म्हणजे कोणताही आकार साध्या लहरींच्या बेरजेत मांडायचं गणित, परीक्षेपुरतं पाठ केलं असेल तर पहिल्याच सेमिस्टरला दम निघतो. एखाद्या छिद्रातून गेलेला प्रकाश लांबच्या पडद्यावर जो आकार काढतो, तो त्या छिद्राचा फूरिए ट्रान्सफॉर्मच असतो. हे मला पटलं तेव्हा विवर्तनाचा, म्हणजे छिद्रातून जाताना प्रकाश पसरण्याचा, धडा पहिल्यांदा खरा कळला. सुट्टीत पायथॉनमध्ये चौकोनी छिद्र घ्या, गोल घ्या, दोन फटी घ्या, आणि काय चित्र येतं ते स्वतः काढून बघा.

पण माणूस खरा घडतो तो प्रयोगशाळेत. आमचा मायकेल्सन इंटरफेरोमीटर मे महिन्यात लावायचा होता. हे उपकरण एका किरणाचे दोन करून, दोन आरशांवरून परतवून पुन्हा एकत्र आणतं. हीलियम-निऑन लेसरचे दोन ठिपके आरशामागच्या स्क्रूंनी एकावर एक आणायचे, मग लेन्स ठेवली की गोल कडी दिसतात. आम्हाला दिसत होती, पण थरथरत होती. दोन दिवस आम्ही स्क्रूंनाच दोष देत बसलो. कारण निघालं खिडकीतला कूलर. लेसरची तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर, आरसा ३१६.४ नॅनोमीटर सरकला की एक कडं पुढं जातं. केसाच्या जाडीचा शंभरावा भागही नाही हो! कूलरनं टेबल हलत होतं, वरून हवेचा झोतही येत होता. मग कूलर-पंखे बंद, घामाच्या धारा, आणि रात्री नऊला कडी शांत झाली.

एक चूक मला अजून सलते. आरशावर धूळ दिसली म्हणून मी रुमालानं पुसली. प्रयोगशाळेतल्या आरशाचा मुलामा काचेच्या पुढच्या बाजूला उघडाच असतो. चरे पडले ते पडलेच. धूळ फक्त ब्लोअरनं उडवा, काच कडेनंच धरा. लेसरपाशी बसताना बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवा, त्यावरून परतलेला किरण थेट डोळ्यात जातो. डोळा कधीही किरणाच्या उंचीवर आणू नका.

कडी स्थिर झाली की एक गोष्ट करून बघा. कशालाही न शिवता एका बाजूच्या किरणाखाली तळहात धरा. हाताच्या उबेनं तिथली हवा विरळ होते, अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश तिच्यात किती मंदावतो ते, बदलतो, आणि पडद्यावरची कडी एकामागून एक वाहायला लागतात.