वर्ल्ड कपला निघताना आधी वाट ठरवा, मग सुई

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२७ चा एकदिवसीय वर्ल्ड कप दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि नामिबियात आहे, आणि बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या चहाच्या कट्ट्यावर त्यासाठी आत्तापासून भिशी सुरू झाली आहे. भिशीत पैसे टाकताना प्रत्येकाचा एकच प्रश्न, "स्टेडियमात लसीचा कागद विचारतात काय रे?" कोविडची सवय, दुसरं काय. २०२१ च्या डिसेंबरात वानखेडेवर न्यूझीलंडविरुद्धची कसोटी पंचवीस टक्के प्रेक्षकांत झाली, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये पुण्याजवळ गहुंजेला इंग्लंडविरुद्धचे तीनही सामने रिकाम्या खुर्च्यांपुढे. आपल्यापासून सहा-सात तासांवर मॅच, आणि आपण टीव्हीसमोर.

पण सीमाभागातल्या माणसाला तरी हे सांगायला नको की कागद मैदानाच्या दारापेक्षा वाटेवरच्या नाक्यावर जास्त विचारले जातात. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्याला दोन डोस झालेले असले तरी कर्नाटकात शिरताना कोगनोळीच्या नाक्यावर ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर चाचणीचा रिपोर्ट लागायचा. मी पुण्याहून परतताना ७२ तास रिपोर्टवरच्या तारखेपासून मोजले होते, मोजायचे होते स्वॅब दिल्यापासून. चूक माझीच. मागे फिरून कागलला पुन्हा नाकात काडी घालून घेतली आणि रात्र गाडीत काढली. म्हणून या दौऱ्याच्या तयारीत पहिलं काम लसीचं धरू नका, आधी विमानाची वाट ठरवा.

दक्षिण आफ्रिकेला भारतातून थेट गेलेल्या किंवा दुबई-दोहामार्गे गेलेल्या माणसाकडे पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीवरच्या लसीचा दाखला मागत नाहीत. स्वस्त तिकीट शोधताना मात्र अदिस अबाबा नाही तर नैरोबी समोर येतं. इथिओपिया आणि केनिया पीतज्वराचे देश. तिथल्या विमानतळावर बारा तासांहून जास्त थांबलात की पुढे दक्षिण आफ्रिका दाखला मागते. त्यात विमान कंपनी रात्रीपुरतं हॉटेल देते म्हणून शहरात झोपायला गेलात, किंवा "एवढं जातोयच तर मसाई मारा बघून जाऊ" असं कुणाच्या तरी बायकोच्या मनात आलं, की येतानाचाही घोळ. आपल्या सरकारचा नियम अजून कडक आहे: पीतज्वराच्या देशातून निघून सहा दिवसांच्या आत दाखल्याशिवाय उतरलात, तर ते सहा दिवस पुरे होईपर्यंत वेगळं ठेवतात. आपल्याकडे हा रोग नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आहे, तोच डेंग्यूवाला, शहापूरपासून खानापूरपर्यंत पाण्याच्या पिंपात वाढणारा. तेव्हा ही कडकपणाची बाब मला तरी पटते.

लस घ्यायची ठरली तर ती गल्लीतल्या डॉक्टरांकडे मिळत नाही. सरकारने नेमलेल्या केंद्रांतच देतात, आणि त्यांची यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असते. आपल्याला चोर्ला घाट उतरून गोव्यात मुरगावचं बंदर आरोग्य कार्यालय सोयीचं. आधी फोन करून वार आणि वेळ विचारा, कारण रोज कुपी उघडत नाहीत. मूळ पासपोर्ट बरोबर न्या. एकच डोस, पण दाखला लागू होतो दहा दिवसांनी, म्हणून निघण्याच्या आदल्या आठवड्यात धावाधाव करून उपयोग नाही. दीड महिना आधी उरकून टाका. एकदा घेतली की जन्मभर चालते. दहा वर्षांनी पुन्हा घ्यायची जुनी अट जुलै २०१६ पासून गेली.

ही जिवंत विषाणूची लस आहे. अंड्याची ॲलर्जी, कमजोर प्रतिकारशक्ती, गरोदरपण, साठीपुढचं वय, यातलं काही असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. आमचे मामा त्रेसष्टचे आहेत आणि तिकिटात वाचणाऱ्या पैशांवर त्यांचा जीव आहे. त्यांना मी सरळ सांगितलंय, तुम्ही दुबईवरून चला, सुईचा प्रश्नच नको.

आता पिवळ्या पुस्तिकेवरचं, म्हणजे लसीच्या दाखल्यावरचं नाव. इथे आपली माणसं हमखास अडकतात. आधार कार्डावर कन्नड वळणाने ज्योतीच्या 'टी'नंतर एक 'एच' घुसलेला, शाळेच्या दाखल्यावर तो नाही, पासपोर्टावर वडिलांचं नाव आडनावाच्या जागी. दाखल्यावर पासपोर्टातलं नाव अक्षर न अक्षर तसंच हवं, पासपोर्ट क्रमांकासकट. केंद्रातून बाहेर पडण्याआधी लसीचा बॅच क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का तिथेच तपासा. घरी येऊन चूक दिसली तर परत घाट उतरा. जन्मस्थळ जुन्या पासपोर्टात बेळगाम आणि नव्यात बेळगावी असलं तर घाबरू नका, गावाचं नाव २०१४ ला अधिकृतपणे बदललं, माणूस तोच आहे.

बाकीच्या लसी सक्तीच्या नाहीत. टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए घेतलेली बरी, धनुर्वाताची शेवटची कधी घेतली ते आठवून बघा. हज-उमराहला जाणाऱ्या शेजाऱ्यांना मेनिंजायटिसची लस सक्तीची असते, ते ऐकून कुणीतरी तीही घ्यायला निघेल; या दौऱ्याला तिची गरज नाही.

मलेरियाचं मात्र वेगळं. जोहान्सबर्ग, दरबान, केप टाउनला मॅच बघून परत येणार असाल तर काही नको. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगरच्या जंगलात किंवा झिम्बाब्वेत व्हिक्टोरिया धबधब्याकडे जाणार असाल तर प्रवाशांसाठी लस नाही, गोळ्या आहेत. त्या जाण्याआधी सुरू करून परत आल्यावरही काही दिवस घ्यायच्या असतात. जुनी क्लोरोक्विन तिथे चालत नाही, त्यामुळे घरातली पट्टी बरोबर घेऊ नका. आणि परतल्यावर महिना-दोन महिन्यांत ताप आला तर "पावसात भिजलो असेन" म्हणत बसू नका. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात आफ्रिकेला जाऊन आलो म्हणून सांगा.

पुस्तिका पासपोर्टाच्या कव्हरात, तिचा फोटो मोबाइलमध्ये आणि एक झेरॉक्स घरी. भिशीचा पुढचा हप्ता पाच तारखेला आहे.