'चाबता?' असं विचारणाऱ्या मुलाला काय सांगायचं

पणजीत संध्याकाळी मिरामारच्या किनाऱ्यावर किंवा कांपालच्या बागेपाशी कुत्रा फिरवताना मुलांकडून कोंकणीत एक प्रश्न हमखास येतो, "चाबता?", म्हणजे चावतो का? बहुतेक मालक सवयीने उत्तर देतात, "ना, चाबना." घोटाळा इथेच होतो. मुलाला ती परवानगीच वाटते आणि वाक्य संपायच्या आत त्याचा हात कुत्र्याच्या डोक्यावर असतो. उलट "हो, चावतो" म्हटलंत तर मूल थांबतं खरं, पण तेच वाक्य पुढे सोसायटीच्या बैठकीत तुमच्याविरुद्ध वापरलं जातं. प्रश्न चावण्याचा असला तरी उत्तर हाताचं द्यायचं: "हात लायनाका हां, पयसून पळय." मराठी घरातलं मूल असेल तर "हात नको लावू, लांबून बघ." पर्यटकांच्या मुलांना "हाथ मत लगाना बेटा, दूर से देखो." तिन्ही वाक्यं आधीच तोंडात बसवून ठेवा, ऐन वेळी सुचत नाहीत.

मात्र शब्दांच्या आधी पाय हलले पाहिजेत. मुलाचा हात तुमच्या वाक्यापेक्षा वेगवान असतो. मूल धावत येताना दिसलं की कुत्रा आणि मूल यांच्या मधे उभे राहा, कुत्रा मांडीमागे घ्या आणि मोकळ्या हाताचा तळवा मुलाच्या छातीच्या उंचीवर धरा. पट्टा साधारण दीड मीटरचा असेल तर त्याचं अर्ध्याहून जास्त अंतर मुठीत गोळा करायचं, पण मानेला ताण बसू द्यायचा नाही. पट्टा ताठ झाला की समोर काहीतरी गडबड आहे असं कुत्र्याला वाटतं आणि एरवी शांत असणारा कुत्राही अंगावर जातो. बटण दाबून लांब-आखूड होणारा दोरीचा पट्टा गर्दीत नकोच. त्यात एका क्षणात चार-पाच मीटर दोरी सुटते आणि ती मुलाच्या पायात अडकली तर चामडी सोलते.

आवाज चढवू नका. ओरडलात तर मूल दचकून किंचाळत पळतं, आणि पळणाऱ्याच्या मागे जाणं हा कुत्र्याचा स्वभावच आहे.

नुसतं "नको" म्हणून मूल हलत नाही, त्याच्या हाताला दुसरं काम द्यावं लागतं. दोन मीटरवर उभं करून सांगा, "हात पाठीमागे बांध आणि तिथूनच त्याला 'बस' म्हण." तुम्ही मुठीतला खाऊ हळूच खाली नेलात की कुत्रा बसतो. मुलाला वाटतं आपण बसवला, आणि ते खूश होऊन जातं. फक्त खाऊ मुलाच्या हातात द्यायचा नाही, नाहीतर पुढच्या वेळी कुत्रा प्रत्येक मुलाच्या मुठीवर झेपावेल. साधारण पाच वर्षांखालच्या मुलाशी मात्र चर्चाच करू नये. बोलायचं ते त्याच्या आईशी किंवा बाबांशी, आणि तेही मोजकं: "ताई, जरा धरा हं त्याला, कुत्रा अनोळखी मुलांना बुजतो."

"आत्ता नको, नंतर" हे तर अजिबात म्हणू नका. मुलं 'नंतर' विसरत नाहीत, तीच पोरं रोज जिन्यात वाट बघत उभी राहतात.

पालकांचं ठरलेलं वाक्य असतं, "आमच्या घरीही आहे, त्याला सवय आहे." त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. "तुमच्याला असेल, ह्याला नाही" एवढं हसून म्हणायचं आणि चालू लागायचं. थांबलात की बोलणं वाढतं.

कुत्रा आधीच सांगत असतो, आपलंच लक्ष नसतं. भूक नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, तोंड फिरवून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघताना पांढरं दिसणं, शेपूट पोटाखाली जाणं, अंग एकदम ताठ होणं. यातलं काही दिसलं की मुलाला समजावत बसू नका, सरळ वळा आणि निघा. वरून डोक्यावर येणारा हात कुत्र्याला शेवटच्या क्षणी दिसेनासा होतो, म्हणून तो दचकतो. लहान मुलाचा तर चेहराच त्याच्या जबड्याच्या उंचीवर असतो. गुरगुरला म्हणून चापट मारणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. अशाने गुरगुरणं बंद होतं, भीती जात नाही आणि पुढच्या वेळी सूचना न देता दात लागतात.

'या कुत्र्यापासून लांब राहा' असं सांगणारी पिवळी फीत पट्ट्याला बांधायची पद्धत चांगली आहे, पण आपल्याकडे तिचा अर्थ फारसा कुणाला ठाऊक नाही. त्यापेक्षा छातीपट्ट्यावर मराठी-कोंकणीत ठळक अक्षरांत 'हात लायनाका' लिहिलेलं कापड जास्त उपयोगी. मुसकं घालायचं असेल तर जाळीचं घ्या. कापडी मुसक्यात तोंड उघडून धापा टाकता येत नाहीत आणि आपल्या उकाड्यात ते धोक्याचं आहे. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, शिगम्याची मिरवणूक, गणेश चवथीचे फटाके इथे कुत्रा नेऊच नये. फोंतेन्यासच्या अरुंद गल्लीत समोरून शाळेची पोरं आली तर शेजारच्या पायरीवर चढून त्यांना जाऊ द्यावं.

इतकं करूनही ओरखडा आलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा. हळद, चुना काही लावू नका. त्याच दिवशी मुलाला सरकारी आरोग्य केंद्रात नेऊ द्या. रेबीजच्या स्नायूत द्यायच्या लसीचे दिवस 0 (म्हणजे पहिल्या डोसचा दिवस), 3, 7, 14 आणि 28 असे असतात, जखमेप्रमाणे आणखी काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतात. 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित जाहीर झाला म्हणून "काही होत नाही" असं सांगून कुणाला घरी पाठवू नका. कुत्र्याच्या लसीच्या कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि मागायच्या आधी दाखवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार पाळीव प्राण्याबाबत निष्काळजीपणा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे हातातला पट्टा 'दोनच मिनिटं' म्हणून दुसऱ्याच्या पोराच्या हाती देण्याआधी हे आठवा.