कॅम्पर गाडीत इन्व्हर्टर आणि बाहेरची लाइन कशी वापरावी

मागच्या मे महिन्यात मोर्शीजवळच्या एका संत्र्याच्या बागेत आमची गाडी मुक्कामाला होती. बागेतले काकाजी आपुलकीनं म्हणाले, "मोटरच्या पेटीतून घेऊन घ्या ना लाइन, रात्रभर कूलर चालवा." मी दोन वायरी लावल्या. गाडीतला बल्ब डोळे दिपतील असा पेटला, फट्‌कन गेला, आणि चार्जरमधून जळक्या वार्निशचा वास आला. पंपाची लाइन सहसा थ्री फेज, म्हणजे तीन जिवंत तारांची असते. माझ्या दोन वायरी दोन वेगळ्या फेजवर लागल्या होत्या, म्हणजे २३० च्या जागी ४०० च्या वर व्होल्ट. लेकरं बाहेर बाजेवर होती, म्हणून निभावलं. शिवाय शेतीपंपाच्या कनेक्शनची वीज दुसऱ्या कामाला वापरणं वीज कायदा २००३ च्या कलम १३५ मध्ये येतं, आणि त्याचा जाच आपल्या आधी जागा देणाऱ्या शेतकऱ्याला होतो. तेव्हापासून मी घरच्या मीटरवरचीच लाइन घेतो, आणि तीही मोजल्याशिवाय घेत नाही.

आधी हिशेब

गाडीत वीज दोन वाटांनी येते. बॅटरीतल्या १२ व्होल्टचे इन्व्हर्टर २३० करून देतो, ती एक. बाहेरच्या बोर्डातून केबलनं घेतो, ती दुसरी. बंदराला लागलेलं जहाज किनाऱ्यावरून वीज घेतं, त्यावरून या दुसरीला शोअर पॉवर नाव पडलं. कोणतं उपकरण कशावर चालवायचं, हे त्याच्या मागच्या पट्टीवरचे वॅट वाचून ठरवा.

समजा १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला असते तशी पाणी घालायची बॅटरी आहे. १२ गुणिले १५०, म्हणजे १८०० वॅट-तास. पण ही बॅटरी रोज निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर बसते, म्हणून ९०० धरा. त्यातले दहा-पंधरा टक्के इन्व्हर्टरच खातो. हातात उरतात ७५० ते ८००. आता आपल्याकडची मेमधली रात्र घ्या. १३० वॅटचा लहान कूलर आठ तास चालला तर १०४० वॅट-तास लागतात. पहाटेच्या आधी इन्व्हर्टर टीं-टीं करायला लागेल. त्याऐवजी २८ वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा आठ तासांत २२४ घेतो. खिडकीला ओली वाळ्याची ताटी आणि हा पंखा, एवढ्यावर आमची बॅटरीवरची रात्र निघते. कूलर फक्त बाहेरची लाइन असेल तेव्हा.

मिक्सर ५०० वॅटचा असला तरी घाबरू नका. चटणी वाटायला तीन मिनिटं लागतात, म्हणजे २५ वॅट-तास. इंडक्शनचं तसं नाही. १५०० वॅटला तो १२ व्होल्टच्या बॅटरीतून १४० अँपिअरच्या आसपास ओढतो. इंडक्शन, किटली, इस्त्री, गीझर, जे जे तापतं ते बाहेरच्या लाइनवरच ठेवा आणि बॅटरीच्या दिवशी गॅस पेटवा. यात मी सवलत देत नाही.

इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच, म्हणजे घरच्या लाइनसारखी गुळगुळीत लहर देणाराच घ्या. चौकोनी लहरीवर फ्रिज-पंख्याच्या मोटरी गुणगुणतात आणि तापतात. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, म्हणून १५० वॅटच्या फ्रिजला किमान १००० वॅटचा इन्व्हर्टर ठेवा. १२ व्होल्टवर चालणारा फ्रिज मिळाला तर इन्व्हर्टर मध्ये येतच नाही, ते सगळ्यात बरं. १००० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण लोडवर ९५ अँपिअरपर्यंत ओढतो. त्याला ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, जितकी आखूड तितकी चांगली, आणि बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरात १२५ अँपिअरचा फ्यूज हवा.

उन्हाळ्यात बंद गाडी भट्टीसारखी तापते. बऱ्याच लिथियम बॅटऱ्यांची चार्जिंगची मर्यादा ४५ ते ५५ अंशांच्या दरम्यान असते. त्यापुढे आतलं सर्किट चार्जिंग थांबवतं, आणि आपण उगाच चार्जरला दोष देतो. बॅटरी इंजिनपासून दूर, सावलीच्या बाजूला ठेवा. ट्यूब्युलर असेल तर तिच्या पेटीला बाहेर हवा जायला वाट हवीच.

बाहेरची लाइन घेताना

पहिल्यांदा बोर्ड नीट पाहा. सॉकेट काळं पडलंय का, वितळलंय का, तीन भोकांचं आहे का. लहान सॉकेट ६ अँपिअरचं असतं, त्यावर १३८० वॅटच्या वर जाऊ नका. मोठं १६ अँपिअरचं, ते पूर्ण व्होल्टेजला ३६८० वॅट देतं, पण घराची जुनी वायरिंग तेवढं सोसेल असं समजू नका.

मग मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) एसीच्या मोठ्या रेंजवर लावून तीन मोजणी करा. फेज (जिवंत तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) यांच्यामध्ये २१० ते २५० हवेत. फेज आणि अर्थ (जमिनीला जोडलेली तार) यांच्यामध्येही जवळपास तेवढेच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये शून्याजवळ, ५ व्होल्टच्या आत. पहिल्या मोजणीत ४०० च्या आसपास दिसले तर तिथून निघा. १८० किंवा त्याखाली दिसले, आणि रब्बीत पंप सुरू झाले की असं सर्रास दिसतं, तर फ्रिज लावू नका. कॉम्प्रेसर नुसता घुमत राहतो आणि जळतो. चार्जरवर कमीत कमी किती व्होल्ट चालतात ते लिहिलेलं असतं, तेवढे असतील तर फक्त बॅटरी चार्ज करा.

अर्थिंगबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण जीव इथेच जातो. मल्टिमीटरवर फेज आणि अर्थमध्ये २३० दिसले म्हणजे अर्थिंग धड आहे असं नव्हे. खराब अर्थिंगवरही मीटर पूर्ण व्होल्ट दाखवू शकतो, ते लोड देऊन वायरमननंच तपासावं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या रॉडला धरून राहत नाही. काही जण अर्थिंगसाठी गाडीशेजारी गज ठोकतात आणि निर्धास्त होतात. हिशेब करा: गजाचा रोध ३० ओहम असला तर २३० व्होल्टला जेमतेम ८ अँपिअर वाहतील. १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) त्यानं पडत नाही, आणि गाडीच्या पत्र्यात करंट राहतो. ओल्या मातीवर अनवाणी उभं राहून दार उघडताना बोटांना झिणझिण्या आल्या तर हात काढून घ्या आणि बोर्डाकडचं बटण बंद करा. गाडीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीकडे गळला की लाइन तोडणारा स्विच, हवाच. अर्थिंग कमजोर असलं तरी तो पडतो. त्याचं टेस्ट बटण प्रत्येक मुक्कामाला दाबून बघा. इन्व्हर्टरवर असताना तो काम करायला न्यूट्रल गाडीच्या सांगाड्याला जोडलेला लागतो, आणि बाहेरच्या लाइनवर ती जोडणी सुटली पाहिजे. हे काम जाणत्या वायरमनकडून करून घ्या.

इन्व्हर्टर आणि बाहेरची लाइन कधी एकत्र येता कामा नये. मध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी दोन्हींपैकी एकच लाइन जोडणारा स्विच बसवा. बॅटरी चार्जर मात्र चेंजओव्हरच्या आधी, थेट बाहेरच्या लाइनवर. नाहीतर बॅटरी इन्व्हर्टर चालवते, इन्व्हर्टर चार्जर चालवतो, चार्जर तीच बॅटरी भरतो, आणि या चकरेत सकाळी बॅटरी रिकामी.

केबल २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची, तीन तारांची घ्या आणि पूर्ण उलगडून टाका. वेटोळ्यातच ठेवली तर आत तापते. जोडताना गाडीतलं सगळं बंद ठेवा, आधी गाडीकडचं टोक, मग बोर्डाकडचं. मग मेन, आणि उपकरणं एकेक करून. अर्ध्या तासानं प्लगला हात लावून पाहा. कोमट चालेल, चटका बसला तर लोड कमी करा.

काढताना उलटं. लोड बंद, आधी बोर्डाकडचं टोक, मग गाडीकडचं. मृगाच्या आधी आभाळ गडगडायला लागलं की केबल लगेच काढा, आणि वीज डोक्यावर आली असेल तर तिला हातही लावू नका. गुंडाळताना पिनांवर काळी माती चिकटलेली असते. कोरड्या फडक्यानं ती पुसून घ्या, कारण तोच मातीचा थर पुढच्या गावच्या सॉकेटमध्ये पिन ढिली ठेवतो आणि तापवतो.